शिवारातलं कॅल्साइट

मी जे शोधून काढलं ते नेमकं काय आहे, हे आमच्या विभागात तीन आठवडे कुणालाच कळलं नाही. मलाही नाही. हे आठवलं की मला अजून थोडं बरं वाटतं, कारण त्या विभागात माझ्याहून शिकलेली बरीच माणसं होती.

मी तेव्हा धाराशिवच्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आकाशातून काढलेल्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करायचा, असा विषय. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळं 'नेमकं काय शिकतोस?' या प्रश्नाला घरी पटेल असं उत्तर मला दोन वर्षांत जमलं नव्हतं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गावात कुणी विचारलं तर 'इमानाचं शिकायलाय', म्हणजे विमानाचं, एवढं सांगून मोकळे व्हायचे. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

त्या वर्षी हैदराबादच्या बाजूच्या एका मोठ्या संस्थेनं आमच्या विभागाला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची एक जागा दिली होती. एकच. एप्रिलमध्ये पुण्याहून एक तज्ज्ञ येणार, प्रत्येकाचं काम बघणार आणि एक नाव लिहून जाणार. मला ती जागा हवी होती. इतकी की मी ते कुणाजवळ बोललो नव्हतो, कारण न मिळाल्यावर बोललेलं परत घेता येत नाही. जागा मिळाली नाही तर जूनपासून उमरग्याच्या एका क्लासात पोलीस भरतीची तयारी, असं घरी ठरलेलं होतं. "पळायला तर येतंय की तुला," अण्णा म्हणाले होते. पळायला मला खरंच येत होतं.

कामासाठी चित्र लागणार होतं. विभागानं कुठून तरी एक ड्रोन मिळवला आणि माझ्या कामाचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी त्यासाठी माझंच गाव निवडलं. माकणीच्या धरणापासून आमचं गाव जवळ आहे, पण निवडायचं कारण ते नव्हतं. तिथं परवानगी मागायला मी होतो, हे होतं. त्या ड्रोनला हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा लावलेला होता. साधा कॅमेरा तीन रंग बघतो. हा शेकडो बघतो, त्यातले बहुतेक माणसाच्या डोळ्याला दिसतच नाहीत. मग चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याची एक वाकडीतिकडी रेषा मिळते. ज्वारीची रेषा वेगळी, हरभऱ्याची वेगळी, ओल्या मातीची आणखी वेगळी. त्या रेषेवरून वस्तू ओळखायची, हे माझं काम.

ड्रोन उडाला त्या जानेवारीतल्या दिवशी मी आमच्याच रानात बॅटऱ्यांची पिशवी धरून उभा होतो. सगळे जण माना वर करून बघत होते. मीही. खाली बघण्यासारखं काही आहे असं कुणाच्याच मनात आलं नाही.

मला खरं तर ज्वारी आणि हरभरा वेगळे करून दाखवायचे होते. साधं काम होतं आणि ते साधंसंच झालं. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक साधन होतं. चित्रातल्या लाखो ठिपक्यांपैकी सगळ्यात शुद्ध कोणते, म्हणजे ज्यांत दुसऱ्या कशाचीच भेसळ नाही, ते शोधून देणारं. मी ते उत्सुकतेपोटी चालवलं आणि जेवायला गेलो. परत आलो तर पडद्यावर एकवीस ठिकाणं चमकत होती.

ती ज्वारी नव्हती, पाणी नव्हतं, मातीही नव्हती. मी त्यांची रेषा सॉफ्टवेअरसोबत आलेल्या लायब्ररीशी जुळवून बघितली. या लायब्ररीत पुस्तकं नसतात, जगभरच्या दगडमातीच्या रेषा असतात. उत्तर आलं, कॅल्साइट. चुनखडीतलं खनिज. आमच्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे निघतात, त्यामुळं ते अगदीच अशक्य नव्हतं. पण इतकं शुद्ध? आणि इतकं मोजकं?

मी सरांना बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बराच वेळ बघत राहिले.

"एकेका रानात एकेकच आहे?"

"हो सर."

"बांध ओलांडून पलीकडं जात नाही?"

"नाही सर."

"खनिजाला बांध कसा काय कळतो?"

मला उत्तर माहीत नव्हतं. सरांनाही नव्हतं. पण ते हळूहळू खूश व्हायला लागले. "हे बघ, ज्याचं उत्तर लगेच मिळतं ते संशोधन नसतं," असं म्हणून त्यांनी विभागप्रमुखांना बोलावलं. विभागप्रमुख उमरग्याकडचे. त्यांनी चष्मा पुसून नकाशा बघितला आणि म्हणाले, "आपल्या भागात असं काही निघेल असं वाटलं नव्हतं."

मग मी त्यावर दोन पानं लिहिली. त्यात माझं एक अनुमानही होतं: शेतकरी नांगरताना लागलेले चुनखडीचे खडे वेचून रानात एका जागी टाकत असावेत. आमच्या घरी असं कुणी करत नाही हे मला ठाऊक होतं. पण 'शेतकरी' हा शब्द लिहिताना मी आमचं घर डोळ्यांपुढं आणलं नव्हतं. ती पानं माझ्या आणि सरांच्या नावानं पुण्याला गेली.

मार्चमध्ये मी लॅपटॉप घेऊन गावी गेलो. आईनं आधीच सांगून ठेवलं होतं की वरून रान कसं दिसतंय ते तिला बघायचंय. शेजारून काकूही आल्या. काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. चुलते ट्रकवर असतात, रान त्याच बघतात. मी चित्र उघडलं आणि आईच्या चेहऱ्यावर काळजी दिसली.

"आगं बाई, पीक लाल का पडलंय? काय फवारलं का कुनी?"

आमच्या विषयात हिरवं पीक लाल दाखवायची पद्धत आहे. दोन महिने मी तेच लाल चित्र बघत होतो, आणि तेही ड्रोन ज्या दिशेनं उडाला त्या दिशेनं तिरकं पडलेलं. आईसाठी म्हणून मी ते साध्या रंगांत आणलं, उत्तर दिशा वर केली, आणि शिवार पहिल्यांदाच शिवारासारखं दिसलं.

आईनं विहीर ओळखली. काकूंनी त्यांचा शेळ्यांचा गोठा ओळखला. अण्णा मागं उभे होते, त्यांनी पाऊलवाट दाखवली. मग आई म्हणाली, "आन हे पिवळं काय लावलंस?"

"ते खनिज आहे. मला सापडलंय."

"कुठं?"

"आपल्या रानात पण आहे. हे बघ, चिंचेच्या थोडंसं उगवतीला."

आईनं काकूंकडं बघितलं. काकूंनी आईकडं.

"चिंचेपाशी तर पांडव हायेत," काकू म्हणाल्या.

आईनं पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक ठिपका वाचायला लागली. हे पाटलाच्या मळ्यातले, हे ओढ्याकडचे, हे गुरुजींच्या रानातले. एकही चुकला नाही. एकवीसच्या एकवीस.

"खनिज म्हंजी चुना का?" अण्णांनी विचारलं. मी मान हलवली. "मग आरं, तो तर तूच कालवलास की."

हे खरं होतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात वेळ अमावस्या असते. आम्ही येळवस म्हणतो. सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करतात, तिच्यात पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात. ते पांडव. पूजा करून सगळे तिथंच अनेक भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील जेवतात. दोन-चार दिवसांनी कडबा जनावरांना घालतात आणि पांडव तिथंच उघडे राहतात. त्यानंतर लगेच, पाचव्या दिवशी, आमचा ड्रोन उडाला होता. त्या वर्षी घरचा चुना मीच कालवला होता, कारण आईचा हात भाजला होता. ड्रोनकडं बघत मी ज्या जागी उभा होतो तिथून ते दगड दहा पावलांवर असतील.

मला ओशाळवाणं झालं होतं, पण आई हरखली होती. "येवढ्या वरून बी दिसले व्हय?" असं तिनं तीनदा विचारलं. मग ती गल्लीत सांगून आली आणि चार-पाच घरची माणसं लॅपटॉपभोवती जमली. जो तो आपापले पांडव शोधून समाधानानं मागं सरकत होता.

"आता कुणी येळवस केली, कुणी न्हाई, समदं वरनं कळतंय बगा," एक जण म्हणाले. "ह्ये तलाठ्याला नको सांगू, बाबा."

"आमचे कुठायत?" काकूंनी विचारलं.

काकूंच्या रानात ठिपका नव्हता.

"दिसत नाहीत, काकू."

"दिसत न्हाईत म्हंजी? बसवल्यात की. म्या सोता बसवल्यात."

"चुना पातळ लावला असंल," आई म्हणाली. ती अगदी साधेपणानं म्हणाली, म्हणूनच ते जास्त लागलं.

"संपत आला व्हता, मग घातलं थोडं पानी. देवाला चालतंय, तुज्या यंत्राला चालत न्हाई व्हय?"

मला काकूंसाठी काहीतरी करावंसं वाटलं. दोन रेषा किती सारख्या आहेत हे सॉफ्टवेअर त्यांच्यातल्या कोनावरून ठरवतं. कोन लहान तर वस्तू सारख्या. पण किती कोनापर्यंत 'सारखं' म्हणायचं, हे माणसानं ठरवायचं असतं आणि त्यासाठी पडद्यावर एक सरकपट्टी असते. मी ती पट्टी थोडी उजवीकडं सरकवली. काहीच झालं नाही. आणखी सरकवली. काकूंच्या रानात एक पिवळा ठिपका उमटला. पण त्याच वेळी त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्याची एक भिंत पिवळी झाली, आणि वस्तीवरची सिमेंटची पाण्याची टाकी तर सगळीच्या सगळी.

"काकूचे पांडव टाकीवर चढले!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

काकू चहा तसाच ठेवून उठून गेल्या. मी पट्टी परत डावीकडं आणली, पण आता त्यानं काही होणार नव्हतं.

धाराशिवला परत आल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आमच्या भूम तालुक्याकडं ही अमावस्या तुमच्याएवढी नसते," ते म्हणाले. "मला कसं कळणार?"

"नाही सर, तुमचं काही नाही. पण विभागप्रमुख सर तर उमरग्याचे आहेत."

सरांनी डोळे उघडले. "त्यांना यातलं काही बोलू नकोस." मग थोडा विचार करून म्हणाले, "चुना हवेत राहिला की त्याचं काय होतं?"

"कॅल्साइट."

"मग तू काय लिहिलंयस?"

"कॅल्साइट. पण सर, आपण खनिज म्हटलंय."

"कॅल्साइट खनिजच असतं."

यात चूक कुठं आहे हे मला दोन दिवस सापडलं नाही, आणि तरी चूक आहे हे दोन्ही दिवस माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सापडली: खनिज जमिनीत आपोआप होतं, हा चुना आम्ही हातानं लावला होता. सर वाईट नव्हते. पुण्याला गेलेल्या पानांवर त्यांचंही नाव होतं, तरी शेवटी ते एवढंच म्हणाले, "ठरव तू. फक्त जागा एक आहे, हे लक्षात ठेव." ते लक्षात ठेवायला मला वेगळं काही करावं लागत नव्हतं.

पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ एक मॅडम होत्या. माझ्या आधी वर्गातल्या एका मुलीनं द्राक्षबागांचा नकाशा दाखवला. फार नीटनेटकं काम होतं, त्यात विचित्र असं काहीच नव्हतं. मग माझं नाव आलं. शेवटी सांगू म्हटलं तर माझ्याच्यानं सांगणं होणार नाही, हे मी स्वतःबद्दल जाणून होतो. म्हणून पहिल्याच मिनिटाला सांगायचं ठरवलं होतं. हातातल्या लेझर दिव्याचा लाल ठिपका पडद्यावरच्या सगळ्या शिवारात पळत होता.

"मॅडम, मी लिहिलं होतं की हे खनिज आहे. ते खनिज नाही. ते पांडव आहेत."

"कोण आहेत?"

"येळवस!" विभागप्रमुख एकदम मोठ्यानं म्हणाले. त्यांनी तो नकाशा तोवर चार वेळा बघितला होता. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितल्यावर ते समोरच्या कागदांकडं वळले. "म्हणजे, हो. असते आमच्याकडं," ते पुटपुटले. खोलीत बसलेल्या तिघा प्राध्यापकांनी आणि प्रयोगशाळेतल्या मामांनीही माना खाली घातल्या होत्या. ते सगळे याच जिल्ह्यातले, शेतकऱ्यांच्या घरचे. थोड्या वेळानं विभागप्रमुखांनी चर्चेत भर घातली, "आम्ही वरून कावेचे, म्हणजे लाल मातीचे, पट्टेही ओढतो."

मॅडमनी माझ्याकडून सगळी रीत समजून घेतली. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. ते जास्त अवघड होतं.

"तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही म्हणालात, हे खनिज आहे. आज म्हणताय, चुना लावलेले दगड आहेत. दोन्ही वेळा तुमची खात्री आहे. मी कोणत्या खात्रीवर जाऊ?"

"मॅडम, माझ्या आईनं ओळखले."

"आईंनी ओळखले ते बरोबरच असेल. तुम्ही मोजलेत का?"

मी मोजले नव्हते. मोजण्याची मला गरजच वाटली नव्हती, आधीही आणि नंतरही.

"पंधरा दिवस देते," त्या म्हणाल्या. "त्या दगडांची रेषा मोजून आणा आणि चित्राशी जुळवून दाखवा. तोवर मी कुणाचंच नाव लिहीत नाही."

वस्तूला टेकवून तिची रेषा घेणारं एक यंत्र असतं. सरांनी ते एका दिवसाच्या बोलीवर मागून आणलं. त्याची काळी पेटी मांडीवर घेऊन मी एस.टी.नं गावी गेलो. तसाच रानात. आई आणि अण्णा आधीच येऊन थांबले होते.

"बग आता," आई म्हणाली.

चिंचेपाशी पाच पांडव असे चमकत होते की डोळे बारीक करावे लागले.

"ऑइल पेंट हाय. लोहाऱ्याहून आनला अण्णांनी. दरसाली चुना उडतोय. पुना इमान आलं तर आपले आदी दिसले पायजेत."

मी चप्पल काढून यंत्र टेकवलं. पडद्यावर आलेल्या रेषेत चुन्याची खूण, म्हणजे ठरावीक जागचा खड्डा, कुठंच नव्हती. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं आमच्या रानात आता एक प्लास्टिकची वस्तू होती.

"आई, हे आता वरून पांडव म्हणून दिसणार नाहीत."

"येवढे पांढरे?"

"हो."

"मग तुजं यंत्रच आंधळं हाय."

"थोडं खरवडलं तर खाली चुना..." मी म्हणालो. आईनं फक्त माझ्याकडं बघितलं. मी यंत्र पेटीत ठेवलं.

दुपारपर्यंत मी आणि अण्णा रानोरान फिरलो. आईनं गल्लीत जे सांगितलं होतं ते नीट पोचलं होतं. पाटलाच्या मळ्यात ऑइल पेंट. ओढ्याकडं ऑइल पेंट. गुरुजींनी तर दोन हात मारले होते. "एका डब्यात चार रानं व्हत्यात," अण्णांनी माहिती दिली, जणू मला तेच विचारायचं होतं. संध्याकाळच्या गाडीनं यंत्र परत न्यायचं होतं. मला उमरग्याचा क्लास दिसायला लागला.

राहिलं होतं एकच रान.

काकू ज्वारीची धसकटं वेचत होत्या. मला बघूनही थांबल्या नाहीत.

"काकू, तुमचे पांडव बघायचे होते."

"का? टाकीवर न्हाईत का?"

"चुकलं माझं, काकू."

"तुजं काय चुकलं? आमचा चुना दिसंना तुज्या यंत्राला. जा, आईचा पेंट बग जा."

"तो चालत नाही. मला तुमचाच चुना पाहिजे."

काकू सरळ उभ्या राहिल्या. "कुनाचा?"

"तुमचा."

"पानी घातलेला?"

"पाणी घातलेलाच."

"आन पेंट चालत न्हाई?"

"नाही."

"हे तुज्या आईला सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग काय म्हनल्या जाऊबाई?"

"यंत्र आंधळं आहे म्हणाली."

काकू खळखळून हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मग हातातली धसकटं खाली टाकली. "मोज. पर एक सांगून ठिवते. माझे पांडव नकाशावर आले पायजेत आन ती टाकी गेली पायजे. जमत असंल तर मोज, न्हाई तर ऱ्हाऊ दे."

मी कबूल केलं. जमेल की नाही हे मला माहीत नव्हतं. पण मॅडमना हवं होतं तेही जवळपास हेच होतं.

काकूंचे पांडव लहान होते, धुळीनं मातकट झालेले. मी पाचही दगडांना यंत्र टेकवलं. लायब्ररीतलं कॅल्साइट कुठल्या तरी परदेशी खाणीतलं, धुऊन दळलेलं, निर्मळ. हा चुना मातीत बसलेला, पाणी घातलेला, त्यावर काव, हळद-कुंकू आणि सांडलेली आंबील. पण तो चुना होता. रेषेतला खड्डा जिथं पाहिजे तिथंच होता, फक्त उथळ. चित्राची तुलना आपल्याच शिवारातल्या वस्तूशी करावी, हे मला आधी सुचलं नव्हतं. लायब्ररी सॉफ्टवेअरबरोबर तयार आली होती, त्यामुळं तीच खरी वाटली.

धाराशिवला मी लायब्ररी बाजूला ठेवली आणि काकूंची रेषा आधाराला घेतली. पट्टी पुन्हा हळूहळू सरकवली. बावीस ठिपके आले. टाकी आली नाही. पट्टी थोडी जास्त सरकवून बघितली, तरी आली नाही. पण शेळ्यांच्या गोठ्याची ती एक भिंत मात्र पिवळीच राहिली. मी घरी फोन लावला आणि काकूंना द्यायला सांगितलं.

"काकू, गोठ्याच्या भिंतीला काय लावलंय?"

"कुठल्या भितीला? त्या व्हय! पांडवाला लावून चुना उरला, मग बकीट तिथंच उपडं केलं. का? टाकी गेली का?"

"गेली."

"मग कशाला फोन करायलास?"

मॅडमना मी हे सगळं व्हिडिओ कॉलवर दाखवलं. सर शेजारी बसले होते. मॅडमनी दगडांच्या रेषा बघितल्या, बावीस ठिपके बघितले, मग त्या भिंतीवर थांबल्या.

"हे चुकून आलंय?"

"नाही मॅडम. तो त्याच बादलीतला चुना आहे."

"कशावरून?"

"लावणाऱ्या बाईंना विचारलं."

त्या म्हणाल्या, "पहिल्या वेळी का नाही विचारलं?"

मी म्हणालो, "मला वाटलं, ते विचारण्यासारखं नाही." याहून चांगलं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि कॉल बंद झाला. चार दिवसांनी पत्र आलं. जागा मला मिळाली होती. जुलै ते डिसेंबर.

घरी आनंद झाला. अण्णांनी गावात सांगितलं की आता पोरगं हैदराबादला इमानाचं शिकणार. आईनं पेढे वाटले, काकूंकडं मात्र मलाच पाठवलं. मी सोबत नकाशाची एक छापील प्रत नेली. काकूंनी ती उजेडात धरली आणि आधी टाकी शोधली. ती नाही अशी खात्री झाल्यावर आपलं रान बघितलं. मग आमचं.

"माझा ठिपका ल्हान काढलास."

"मी नाही काढला, काकू. चुना पातळ होता."

"औंदा घट्ट लावते. पेंट न्हाई, चुनाच." त्यांनी नकाशाची घडी घालून भिंतीतल्या देवळीत ठेवली. "तू हायेस की येळवशीला?"

येळवस डिसेंबरात येणार होती, हे मी आधीच कॅलेंडरात बघून ठेवलं होतं. संस्थेच्या पत्रात रजेबद्दल एकच ओळ होती: सबळ कारण लेखी कळवावं. तिथल्या लोकांना चित्रातल्या ठिपक्याचं नाव सांगता येतं, पण पाच दगडांपाशी बसून जेवायला सुट्टी पाहिजे, हे कोणत्या शब्दांत लिहायचं ते मला कळत नव्हतं.

"आहे की," मी म्हणालो.